घरात दोन म्हशी, लेक व्हीगन, आता नाश्त्याला काय करू?

"ताई, आम्ही कोल्हापूरच्या जवळच राहतो. घरच्या दोन म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं. लेक पुण्यात नोकरीला, वर्ष झालं ती व्हीगन झालीय, म्हणजे दूध, दही, तूप, मध काहीच नाही. आता वर्क फ्रॉम होम घेऊन दीड महिना घरी आलीय. भाजी-भाकरीचं जमतंय, पण सकाळचा नाश्ता आणि गोडाचं काय करावं कळेना. फळं तिला आवडतात, म्हणून फळांचंच काहीतरी सोपं सांगा. पॅकेटमधलं बदाम दूध आणलं होतं, दोन दिवसात संपलं आणि पैसे बघून ह्यांचा चेहरा उतरला. सासूबाई म्हणतात दूध नाही तर पोरीची हाडं कशी राहणार. शेजारीण म्हणते गुपचूप चमचाभर तूप घाल, कळतंय कुणाला. मे महिन्यात तिचा वाढदिवस पण आहे, केक कसला करायचा? — एक आई, करवीर तालुका"

ताई, आधी शेजारणीचं निकालात काढू. गुपचूप तूप घालायचं नाही म्हणजे नाही. असल्या गोष्टी कधी ना कधी कळतातच आणि मग तुमच्या हातचा वरणभात पण लेक वास घेऊन खाईल, ते परवडायचं नाही. आणि तिनं दूध नको म्हटलं म्हणजे तुमच्या म्हशींचा, तुमच्या कष्टाचा अपमान केला असं पण मनात धरू नका, तिनं तिच्यापुरतं ठरवलंय. ह्या विषयावर काय वाद घालायचाय तो दुपारी चहाच्या वेळी घाला (तिचा कोरा), ताटावर नको.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र वाचून मला वाटलं की तुम्ही सारखं दुधाच्या जागी काय घालू हेच शोधताय. साहजिक आहे, आपलं गाव गंगावेशीत म्हशी समोर उभ्या करून धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावणारं, त्यामुळं गोड म्हटलं की बासुंदी, पेढा, श्रीखंड, शेवयाची खीर ह्याच्या पुढं डोकंच जात नाही. पण फळांचं बघितलं तर दुधाशी त्यांचं कधी फार जमलेलंच नाही. आंबट फळ पडलं की दूध फाटतं, कच्चा अननस घातला तर थोड्या वेळानं कडवट होतं, आणि आयुर्वेदात तर आंबट फळं नि दूध विरुद्ध आहारात धरलंय. आपण शिकरण, मिल्कशेक मजेत खात आलो तो भाग वेगळा. म्हणजे दूध बाजूला काढलं की उलट मोकळीक होते, अननस, कोकम, कैरी, कलिंगड काय पाहिजे ते घाला. म्हणून नक्कल करायला जाऊ नका. काजूचं श्रीखंड आणि व्हीगन बासुंदीचे व्हिडिओ बघून अर्धा किलो काजू भिजत घालाल, चव येईल धड ना हिकडची ना तिकडची, आणि पोरगी बिचारी "छान झालंय" म्हणून खाईल. जे मुळातच बिनदुधाचं आहे ते करा, आपल्याकडं ते भरपूर आहे.

सगळ्यात आधी नारळ. पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूध काढणाऱ्या कोल्हापूरच्या बायकांना हे मी काय शिकवू, पण गोडाला काढताना थोडं वेगळं, म्हणून सांगते. एक मध्यम नारळ खवायचा, मागची काळी पाठ येऊ द्यायची नाही, वाटीभर कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवायचा आणि फडक्यातून पिळायचा, हे पहिलं जाड दूध. चोथ्यात परत दीड वाटी पाणी घालून फिरवलं की दुसरं पातळ दूध. शिजवायला पातळ वापरायचं आणि जाड दूध सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून घालायचं, कारण खळखळून उकळलं की नारळाचं दूध पण फुटतं आणि वर तेल तरंगतं. उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका, दोन तासात आंबूस वास मारतो, फ्रीजमध्ये एक दिवस राहतं. पॅकेटच्या बदाम दुधाच्या पैशात किती नारळ येतील ह्याचा हिशोब तुमच्या ह्यांनाच करायला सांगा.

ह्या जाड दुधाचं सकाळचं पहिलं काम म्हणजे केळ्याचं शिकरण, ज्याला कोकणात आणि खाली कर्नाटकाकडं रसायन म्हणतात. चार पिकलेली केळी चकत्या करून, वाटीभर जाड दूध, तीन-चार चमचे किसलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ, मीठ विसरू नका, त्यानं गुळाची चव वर येते. गूळ आधी दुधात विरघळवून घ्या, नाहीतर खाली खडे राहतात. गूळ कुठला घ्यायचा हे कोल्हापुरात कुणाला सांगायची गरज नाही, आपल्या गुळाला २०१४ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, फक्त एकदम पिवळाधमक चकचकीत ढेप बघून भाळू नका, जरा काळपट असलेला चवीला बरा असतो. चपातीबरोबर खा, आंबोळीबरोबर तर अजून भारी लागतं. केलं की लगेच संपवायचं मात्र, तासाभरात केळी काळी पडतात.

ह्याच रसात पोहे. पातळ पोहे चाळून घ्यायचे, नुसते पाण्याच्या हबक्यानं ओले करायचे, वर गूळ घातलेलं नारळाचं दूध ओतायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि वर जे फळ घरात असेल ते, केळं, चिकू, आंब्याच्या फोडी, चार तासगावचे बेदाणे. कोकणात दिवाळीला असले पोहे करतात. गॅस पण पेटवायला लागत नाही, म्हशींची धार काढून आल्यावर सकाळी तुम्हाला दम नसेल तेव्हा हेच करा, किंवा लेकीलाच करायला सांगा, ती काय लहान आहे?

रोज नारळ फोडायचा कंटाळा येतोच. त्या दिवशी नाचणी. एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, दोन एकदम पिकलेली केळी हातानं कुस्करून, थोडं गुळाचं पाणी, मीठ, वेलची, जमलं तर चमचाभर तीळ. पीठ डोशापेक्षा जरा जाड ठेवायचं आणि तव्यावर जाड-जाड लहान धिरडी घालायची, शेंगतेल सोडून, गॅस बारीक, कारण केळं नि गूळ दोन्ही पटकन करपतात आणि मग आतून कच्ची, वरून काळी असली धिरडी ताटात येतात. केळं किती पिकलेलं? सालीवर काळे ठिपके आलेलं, जे घरात कुणी खात नाही आणि शेवटी म्हशीपुढं जातं ते. वर मधाच्या ऐवजी काकवी सोडा. मध व्हीगन माणसाला चालत नाही, पण काकवीपुढं मध कोण मागतंय? गुऱ्हाळं थंडीत जोरात असतात तेव्हाच बरणीभर आणून ठेवायची असते, आत्ता उन्हाळ्यात ताजी मिळायची नाही, पण बाजारात बाटलीतली मिळते ती चालेल.

आता सासूबाईंचं हाडांचं. त्यांना हसण्यावारी नेऊ नका, त्यांचा प्रश्न बरोबर आहे, फक्त उत्तर एकटं दूध नाही. म्हशीच्या १०० मिली दुधात कॅल्शियम असतं साधारण १२० मिलीग्रॅम. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, आणि न सोललेल्या तिळात तर हजाराच्या वर. आता नाचणी-तिळातलं सगळंच्या सगळं अंगाला लागतं असं नाही, दुधातलं जास्त सहज लागतं हे पण खरं, आणि १०० ग्रॅम तीळ काय कुणी एका बैठकीत खात नाही, पण रोज नाचणी, तीळ, राजगिरा, पालेभाजी असं आलटून पालटून पोटात जात असेल तर काळजी करण्यासारखं नसतं. खरी अडचण आहे ती बी-१२ ची. ते फळात नाही, नाचणीत नाही, नारळात नाही, काय पण केलं तरी ताटातून मिळायचं नाही, त्याला गोळीच लागते किंवा बाहेरून बी-१२ घातलेले पदार्थ. एक वर्ष झालंय ना तिला, तर एकदा रक्त तपासून डॉक्टरला विचारून घ्या. हे नारळाच्या रेसिपीपेक्षा महत्त्वाचं, म्हणून मध्येच सांगितलं. आणि कांदेपोह्यांवर लिंबू पिळा, जेवणात पेरू-आवळ्याच्या हंगामात ते ठेवा, सी व्हिटॅमिन बरोबर असलं की भाजी-धान्यातलं लोह जास्त लागतं, जेवणावर लगेच कोरा चहा प्यायला की उलटं होतं.

गोडाकडं येऊ. एप्रिल-मे आहे म्हणजे आंबा आहे, आणि आंबा असताना दुसरं काय करायचं हा प्रश्नच तसा चुकीचा. आमरसात दूध घालणाऱ्या घरातल्या तुम्ही असाल तर ह्या वर्षी घालू नका, बाकीच्यांना पण तसाच वाढा. हापूस परवडला तर हापूस, नाहीतर पायरी रसाला जास्त चांगला, आणि शेवटी-शेवटी गावठी रायवळ आंबे येतात त्यांचा पातळ रस मला तर सगळ्यात आवडतो. वर तुपाऐवजी सुंठीची पूड आणि किंचित मीठ. पुऱ्या तेलातच तळतो आपण, मोहनाला पण तेल घातलं की ताट पूर्ण झालं, कुठं काही कमी वाटणार नाही.

पण तुम्हाला खरंच काहीतरी केल्याचं समाधान पाहिजे असेल (आईंना ते लागतंच) तर सांदणं करा. ही कोकणातली, मूळची बरक्या फणसाच्या रसाची, पण आंब्याची पण झकास होतात. इडलीचा तांदळाचा रवा एक वाटी, कोरडाच दोन मिनिटं गरम करून घ्यायचा. त्यात वाटीभर आमरस, पाऊण वाटी नारळाचं दूध, अर्धी ते पाऊण वाटी गूळ आंब्याच्या गोडीप्रमाणं, मीठ, वेलची. अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायचं, रवा फुगून पीठ घट्ट होतं, मग परत थोडं नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठासारखं करायचं. आवडत असेल तर चिमूटभर सोडा, नाही घातला तरी चालतं, जरा घट्ट होतात एवढंच. इडलीपात्राला तेलाचा हात लावून पंधरा-वीस मिनिटं वाफवायची आणि थंड झाल्यावरच काढायची, गरम काढली की तुटतात. वाटीत दोन सांदणं आणि वरून गार नारळाचं दूध. फणस मेच्या शेवटाला उतरायला लागला की गऱ्यांचा रस काढून तेच करा, कापा फणस असेल तर मिक्सरला फिरवून घ्या, बरका नुसता चाळणीवर घासला तरी रस निघतो.

खपली गव्हाची खीर तुमच्याकडं होतच असणार. तिच्यात दूध आपण वाढताना वरून घेतो, म्हणजे पातेल्यात ती बिनदुधाचीच असते, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. कांडलेली खपली रात्री भिजत घालून कुकरला चांगली मऊ करायची, गूळ नंतरच, कारण गूळ आधी पडला की गहू शिजायचं नाव घेत नाही. मग ओलं खोबरं, खसखस, सुंठ, जायफळ. घरच्यांना त्यांचं दूध-तूप, लेकीला नारळाचं जाड दूध, आणि तिच्या वाटीत आंब्याच्या फोडी घाला, बघा दुसऱ्या दिवशी सगळेच फोडी मागतात की नाही.

शिऱ्याचं पण तसंच. अननसाचा शिरा शेंगतेलात होतो, फक्त तेल गरम करून त्यात रवा चांगला वास सुटेपर्यंत भाजायचा. रिफाइंड तेल असेल तर बरं, घाण्याच्या शेंगतेलाला शेंगांचा वास येतो, काहींना आवडतो. अननसाच्या फोडी आधी साखरेत पाच मिनिटं शिजवून घ्या, त्या रसासकट रव्यात. एक वाटी रव्याला अडीच वाटी उकळतं पाणी, पाऊण वाटी साखर. डालडा नको ताई, व्हीगन आहे म्हणून डालडा आणणारी घरं मी बघितलीत, त्यापेक्षा तेल शंभर पट बरं.

आता खास कोल्हापूरचं. पुण्याहून आलेल्या पोरांना इथं आल्यावर पहिल्यांदा काय आठवतं, मिसळ, भेळ आणि कॉकटेल. बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये, आमच्याकडं कॉकटेल म्हणजे उंच ग्लासात फळांचे तुकडे, जेली, आईस्क्रीम, ड्रायफ्रूट असं थरावर थर रचलेलं प्रकरण, चमच्यानं खायचं. मिसळ-भेळ ती तशीही खाऊ शकते (मिसळीवर दही नको म्हणून सांगायचं), पण कॉकटेल तिचं सुटलं असणार. ते घरी करा.

आईस्क्रीम केळ्याचं. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या डब्यात सुट्या-सुट्या पसरून रात्रभर फ्रीझरला. सकाळी पाच-सात मिनिटं बाहेर ठेवून मिक्सरच्या लहान भांड्यात थांबत थांबत फिरवायच्या, आधी चुरा होतो आणि वाटतं बिघडलं, पण झाकण काढून कडेचं खाली ढकलून परत फिरवलं की एकदम मऊ, लोण्यासारखं होतं, त्यात ना साखर ना काही. सलग मिक्सर चालवू नका, गरम होऊन बंद पडतो आणि आईस्क्रीम पण वितळतं. अर्ध्यात गोठवलेला आमरस घाला म्हणजे दोन रंग होतील. चिकूचं पण असंच, केळं मात्र निम्मं पाहिजेच, नुसत्या चिकूचा बर्फ होतो.

जेलीचं जरा नीट ऐका. बाजारात जेलीच्या काही पाकिटात जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, म्हणजे ती शाकाहारी पण नाही. आणि पाकिटावर हिरवा ठिपका दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, हिरवा ठिपका शाकाहाराचा, त्यात दूध नि मध चालतो. व्हीगनची खूण वेगळी आहे, हिरव्या रंगातला इंग्रजी व्ही आणि त्यावर पान, २०२२ पासून त्याचे नियमच झालेत. पण हे सगळं वाचत बसण्यापेक्षा चायना ग्रास आणा, किराणा दुकानात मिळतं, समुद्री शेवाळापासून करतात. वाटीभर पाण्यात दीड चमचा पावडर घालून ढवळत दोन-तीन मिनिटं खळखळ उकळायची, पूर्ण विरघळली पाहिजे, नाहीतर खाताना कचकच लागते. गॅस बंद करून दोन वाट्या कलिंगडाचा नाहीतर द्राक्षाचा गाळलेला रस घालायचा, रस फ्रीजमधला गार नको, गार घातला की घालता घालताच गोळे होतात. ताटात ओता, बाहेरच सेट होते, फ्रीज पण लागत नाही. जिलेटिनमध्ये कच्चा अननस किंवा पपई घातली की जेली कधी जमत नाही, त्या फळातला रस जिलेटिनचं प्रथिन तोडतो, चायना ग्रासमध्ये प्रथिनच नाही तेव्हा हा त्रास नाही, बिनधास्त घाला. लिंबासारखं फार आंबट मात्र त्याच्याबरोबर उकळू नका, सैल पडते.

मग ग्लासात खाली जेलीचे तुकडे, त्यावर आंबा, चिकू, पपई, डाळिंबाचे दाणे, केळ्याचं आईस्क्रीम, परत फळं, काजूचे तुकडे, वर काकवी. काजू चंदगड-आजऱ्याकडचे कुणी देणारं असेल तर तुकडा काजू घ्या, अख्ख्यापेक्षा स्वस्त पडतो आणि इथं तसाही तोडूनच घालायचाय. फळं रविवारी सकाळी कपिलतीर्थ मंडईत नाहीतर लक्ष्मीपुरीत बघून घ्या, जास्त पाहिजे असतील तर मार्केट यार्ड. कॉकटेलला जरा जास्त पिकलेली, डाग पडलेली फळं चालतात आणि ती संध्याकाळी स्वस्त मिळतात, हे विक्रेते तुम्हाला सांगणार नाहीत, तुम्हीच विचारायचं.

सीताफळाचा हंगाम आत्ता नाही पण ती पुढं दिवाळीला आली तर म्हणून सांगून ठेवते, सीताफळाचा गर हा आयता मलईच असतो, नारळाच्या जाड दुधात नुसता मिसळायचा, गरम अजिबात करायचा नाही, शिजवलं की कडू होतं.

पेयांचं फार सांगत नाही कारण आपली उन्हाळ्याची बहुतेक पेयं बिनदुधाचीच, ताक आणि लस्सी सोडली तर. कैरीचं पन्हं, उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी तर गूळ दीड ते दोन वाट्या, वेलची, मीठ, बरणीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर, लागेल तसं पाणी घालून. चैत्रातल्या हळदी-कुंकवाला पन्ह्याबरोबर आपण जी आंब्याची डाळ करतो ती पण पूर्ण तिला चालते, नाश्त्याला वाटीभर द्या की. कोकम सरबत, सोलकढी, उसाचा रस आलं-लिंबू घालून, शहाळं. कलिंगड मिक्सरला फिरवताना बिया काढा, बिया वाटल्या की रस कडवट लागतो, त्यात लिंबू, सैंधव आणि भिजवलेला सब्जा. साखर घालू नका हो कलिंगडात, मला ते बघवत नाही.

एक मिल्कशेकसारखं जाड काहीतरी पाहिजेच म्हणाली तर शेंगदाण्याचं दूध, हे मात्र नारळापेक्षा पण स्वस्त. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून, सालं काढून, तीन-चार वाट्या पाण्यात वाटून गाळायचे आणि पाच-सात मिनिटं ढवळत उकळायचं, दुधासारखंच उतू जातं तेव्हा समोरून हलू नका. उकळलं नाही तर कच्चट वास राहतो. नुसतं प्यायला मला आवडत नाही खरं सांगायचं तर, पण गार करून त्यात चार चिकू आणि चार भिजवलेले खजूर फिरवले की शेंगांचा वास चिकूत लपतो. केळं-कोको पण चालतं. उरलेला चोथा थालीपिठात नाहीतर आमटीत.

राहिला केक. बेकरीत विचारत बसू नका, आंबा-रव्याचा घरी करा. एक वाटी बारीक रवा, वाटीभर आमरस, अर्धी वाटी साखर, पाव वाटी रिफाइंड तेल, वेलची, किंचित मीठ, सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा. रवा रस ओढून घेतो आणि पीठ घट्ट होतं, तेव्हा नारळाचं पातळ दूध घालून इडलीच्या पिठाएवढं सैल करा. अगदी शेवटी एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा, आंब्याच्या आंबटपणावर सोडा फसफसतो, म्हणून घातला की लगेच तेल लावलेल्या डब्यात ओतून ठेवायचा, मध्येच फोन घ्यायचा नाही. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, त्यावर रिंग ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं आधी तापवा, मग डबा आत, गॅस बारीक, पस्तीस-चाळीस मिनिटं. सुरी घालून बघा, कोरडी आली की झाला. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यातून काढू नका आणि क्रीम-बीमच्या भानगडीत पडू नका, वर आंब्याच्या फोडी आणि काजू लावा. आठ माणसं असतील तर सगळं प्रमाण दुप्पट घ्या पण डबे दोन करा, एकाच मोठ्या डब्यात मधला भाग कच्चा राहतो.